छपरावरचे ऊन आणि बिलातील टप्पे

(डिचोली तालुक्यातील एका विद्यालयाच्या सभागृहात ग्रामस्थ, पंचायतीचे सेवक व शिक्षक यांच्यापुढे वीज खात्यातील एका सेवानिवृत्त अभियंत्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



आजच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘सौर ऊर्जा : काळाची गरज’ असा छापला आहे. तो छापणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. तथापि काळाची गरज काय आहे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. तुमच्या घराची गरज काय आहे, एवढेच मला थोडेफार सांगता येईल. म्हणूनच येताना प्रत्येकाने विजेचे बिल आणावे अशी विनंती मी मुख्याध्यापकांमार्फत केली होती. काहींच्या हातांत ती बिले दिसत आहेत. बाकीच्यांनी ती घरी गेल्यावर काढून पाहावीत.

या विषयाकडे मी वळलो तो एका घरगुती प्रसंगामुळे. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, गावच्या जुन्या घरात एकटी राहते. मुले मुंबईला असतात. ती चतुर्थीला आणि मे महिन्यात येतात. एके दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, “अरे, छपरावर सूर्याची वीज बसवायला एक माणूस आला होता. पाच किलोवॉट घ्या, बिल शून्य होईल म्हणतो. मी पाटल्या गहाण ठेवून पैसे उभे करते आहे. तू एकदा कागदावर नजर टाक, म्हणजे झाले.” मी तिला म्हटले, “त्याचा कागद मी मागाहून पाहीन. आधी तुझी बारा महिन्यांची बिले काढून ठेव.”

बिले पाहिल्यावाचून सौर संचाविषयी बोलणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय. याचे कारण आपल्या दरपत्रकाच्या रचनेत आहे. गोव्यात वीज पुरविणारे वीज खाते सरकारचे असले तरी दर ते खाते ठरवीत नाही. गोवा राज्य व केंद्रशासित प्रदेशांसाठी असलेला संयुक्त वीज नियामक आयोग ते ठरवितो. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत जातात. पहिल्या शंभर युनिटांचा दर सर्वांत कमी, त्यापुढच्या शंभरांचा त्याहून अधिक, असे करीत चारशेच्या वर सर्वांत महाग टप्पा येतो. अनेकांचा असा समज असतो की, महिन्याला तीनशे एक युनिटे झाली की सगळ्या तीनशे एक युनिटांना चढा दर लागतो. तसे नाही. पहिली शंभर युनिटे पहिल्याच दराने आकारली जातात. वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यात पडलेल्या युनिटांना लागतो.

दर आयोगाच्या आदेशाने वेळोवेळी बदलतात. म्हणून आजच्या हिशेबापुरते मी सोपे दर धरतो : पहिल्या शंभर युनिटांना २ रुपये, दुसऱ्या शंभरांना ३, तिसऱ्यांना ४, चौथ्यांना ५ आणि त्यापुढे ६. हे आकडे खरे दर म्हणून कोणी लिहून घेऊ नयेत. खरे दर तुमच्या बिलावर छापलेले असतात. घरी गेल्यावर हाच हिशेब त्या दरांनी करावा.

समजा, एका घरात महिन्याला ३५० युनिटे खर्च होतात. वरील दराने विजेचा आकार २००, ३००, ४०० आणि २५० मिळून १,१५० रुपये होतो. सरासरी काढली तर युनिटास सव्वातीन रुपयांहून किंचित अधिक पडतात. आता या घराच्या छपरावर एक किलोवॉटचा सौर संच बसविला. आपल्या भागात असा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिटे, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिटे देतो असे धरावयास हरकत नाही. ही १२० युनिटे बिलातून कोठून वजा होतात? सरासरीतून नव्हे, तर वरून. आधी पाच रुपयांची ५० युनिटे जातात, मग चार रुपयांची ७०. नवे बिल ६२० रुपये होते, म्हणजे ५३० रुपये वाचतात. सौर संचाचे प्रत्येक युनिट येथे सुमारे चार रुपये चाळीस पैशांना पडले.

दुसरा किलोवॉट बसविला की आणखी १२० युनिटे जातात. परंतु आता वरची महाग युनिटे संपलेली असतात. चार रुपयांची ३० आणि तीन रुपयांची ९० जातात. वाचतात ३९० रुपये. तिसरा किलोवॉट बसविला तर उरलेल्या ११० युनिटांचे २३० रुपये तेवढे वाचतात. छपरावर पडणारे ऊन तिन्ही वेळा तेवढेच असते. पॅनेलही सारखीच असतात. तरी पहिल्या किलोवॉटची कमाई ५३०, दुसऱ्याची ३९० आणि तिसऱ्याची २३०! सौर संच विकणारा मनुष्य ही गोष्ट सहसा सांगत नाही. तो ‘एकूण बचत’ एवढाच आकडा सांगतो.

आता खर्चाची बाजू. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. ती २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आखलेली असून देशातील एक कोटी घरांपर्यंत पोहोचण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. तीत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. तीन किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये मिळतात आणि अनुदान तेथेच थांबते. पाच बसवा की दहा, ७८,००० च्या वर एक रुपयाही मिळत नाही. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करावयाचा, संच नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच बसवावयाचा, पॅनेले देशी बनावटीची हवीत. तपासणी होऊन नेट मीटर लागल्यानंतर अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. हे पैसे मागाहून येतात हे ध्यानात असू द्यावे. सुरुवातीस पूर्ण रक्कम उभी करावी लागते, मग ती स्वतःची असो वा बँकेच्या कर्जाची. मुख्याध्यापकांनी मघाशी विचारले की, शाळेला हे अनुदान मिळेल का? या योजनेचे अनुदान निवासी घरांसाठी आहे, शाळेसाठी नाही.

किंमत किलोवॉटला ६०,००० रुपये धरू. प्रत्यक्षात लहान संचाला किलोवॉटमागे थोडे अधिक पडतात, मोठ्याला थोडे कमी. अनुदान वजा जाता पहिला किलोवॉट ३०,००० ला पडला आणि वर्षाला ६,३६० रुपये वाचवू लागला. म्हणजे पावणेपाच वर्षांत पैसे फिटतात. दुसराही ३०,००० ला पडला. त्याला साडेसहा वर्षांच्या आतबाहेर लागतात. तिसरा मात्र ४२,००० ला पडतो, वर्षाला २,७६० वाचवितो आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ घेतो. तेव्हा ३५० युनिटांच्या घराने दोन किलोवॉटवर थांबणे शहाणपणाचे. तिसऱ्याचे पैसे घरातील जुन्या शीतकपाटावर किंवा पंख्यांवर खर्च केले तर अधिक फळ देतील.

ज्या घरात दोन वातानुकूलन यंत्रे चालतात आणि महिन्याला ६०० युनिटे जातात, त्या घराचे गणित अगदी निराळे आहे. आमच्या आक्काच्याच वाड्यावर एक शिक्षक दांपत्य राहते. त्यांचा वापर साधारण एवढाच आहे. तीन किलोवॉटनी त्यांची ३६० युनिटे वरच्या महाग टप्प्यांतून निघतात. आपल्या धरलेल्या दरांनी महिन्याला १,९४० रुपये वाचतात, आणि १,०२,००० रुपयांचा निव्वळ खर्च साडेचार वर्षांच्या आत वसूल होतो. ते गृहस्थ मात्र दोन वर्षे ‘पाहू, करू’ म्हणत बसले होते. ज्याला गरज नाही त्याच्या दारी विक्रेता बसलेला, आणि ज्याला गरज आहे तो स्वस्थ!

आक्काकडे वळतो. तिचा वापर महिन्याला सरासरी ९० युनिटे निघाला. पहिल्या टप्प्याच्या आतच. माझ्या धरलेल्या दराने हे झाले १८० रुपये. तिने एक किलोवॉट जरी बसविला असता तरी महिन्याला फार तर हे १८० रुपये वाचले असते, आणि ३०,००० रुपये फिटायला चौदा वर्षे लागली असती. पाच किलोवॉटचा संच महिन्याला सुमारे ६०० युनिटे देणार; तिला हवीत ९०. उरलेली वीज जाळ्यात जाणार. मग तो व्यवहार बचतीचा राहत नाही, वीज विकण्याचा होतो. त्या विजेला वर्षअखेर कोणता दर मिळणार, हिशेब केव्हा होणार, पैसे कसे मिळणार, यांतील एक अक्षरही त्या कागदावर नव्हते. ‘बिल शून्य’ हे शब्द मात्र मोठ्या अक्षरांत होते. तेही पुरते खरे नव्हेत, कारण वापर शून्य झाला तरी स्थिर आकार बिलात राहतोच.

मी तिला म्हटले, “पाटल्या हातात घाल, आणि चल, आपण घरभर फिरू.” विहिरीवर एक अश्वशक्तीचा पंप होता. त्याचा फूट व्हॉल्व्ह गळत होता, त्यामुळे दर वेळी पाणी उतरून जाई आणि टाकी भरायला तासाच्या वर वेळ लागे. एक अश्वशक्तीचा पंप तासाला पाऊण ते एक युनिट खातो. व्हॉल्व्ह बदलल्यावर तेच काम पंचवीस मिनिटांत होऊ लागले. माजघरात आणि न्हाणीघरात ६० वॉटचे जुने दिवे अजून होते. तेवढाच उजेड ९ वॉटचा एलईडी दिवा देतो. तिच्या निजण्याच्या खोलीतील पंखा जुना, ७५ वॉटचा. नवे बीएलडीसी पंखे ३० वॉटच्या आसपास चालतात. रोज दहा तास फिरणाऱ्या पंख्यामागे महिन्याला तेरा-चौदा युनिटे वाचतात. आंघोळीचे पाणी ती अजूनही न्हाणीतल्या भाणात, नारळाच्या सोडणांवर तापविते. तेथे मी काही बोललो नाही. दोन किलोवॉटचा विजेचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो, हे आपल्यापैकी ज्यांच्या घरी तो आहे त्यांनी ध्यानात ठेवावे. तीन महिन्यांनी आक्काचे बिल साठ युनिटांच्या खाली आले. रुपयांत ही बचत लहान आहे. पण कर्ज नाही आणि हप्ता नाही.

आता ज्यांच्या बिलाचे गणित सौर संचाच्या बाजूने लागते, त्यांच्यासाठी छपराविषयी काही बोलतो.

आपल्याकडील जुनी घरे मंगळुरी कौलांची. कौलांवर पॅनेले थेट ठेवता येत नाहीत. सांगाडा वाशांना किंवा भिंतीला आधार घेऊन उभारावा लागतो, आणि वासे जुने असतील तर आधी सुताराचे मत घ्यावे, अभियंत्याचे नंतर. सिमेंटच्या गच्चीवर काम सोपे. पॅनेलांचे तोंड दक्षिणेकडे आणि उतार साधारण पंधरा अंशांचा, आपल्या अक्षांशाइतका, असावा. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे सावली. साध्या जोडणीत पॅनेले एका माळेत गुंफलेली असतात. एकावर फणसाची सावली पडली की त्या माळेतील बाकीच्यांचेही उत्पन्न घटते. माझ्या स्वतःच्या घरी मी संच जानेवारीत बसविला. तेव्हा छप्पर स्वच्छ उन्हात होते. जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकल्यावर शेजारच्या आंब्याची सावली सकाळी दहापर्यंत त्यावर पडू लागली. चाळीस वर्षे वीज खात्यात काढलेल्या माणसाने ही चूक केली, तेव्हा तुम्ही करू नका. माडाखाली तर पॅनेल लावूच नये. नारळ पडला तर काच कोणत्या कंपनीची आहे हे तो पाहत नाही.

पावसाळ्यात उत्पन्न जवळजवळ निम्म्यावर येते. जुलैचे बिल पाहून फसविले गेल्याची भावना होऊ नये. एप्रिल-मे महिन्यांतील आकडेही सोबत धरावेत. पावसाचे पाणी पॅनेलांच्या वरची धूळ धुऊन नेते, पण खालच्या कडेला शेवाळ धरते. ते गणपती आटोपल्यावर मऊ फडक्याने पुसावे. समुद्राजवळच्या गावांत खाऱ्या हवेने लोखंड खाल्ले जाते, म्हणून सांगाडा उत्तम जस्तलेपाचा किंवा अॅल्युमिनियमचा मागावा. ऑक्टोबरातील गडगडाटी पावसासाठी विजेपासून संरक्षण आणि चांगले अर्थिंग अत्यावश्यक आहे. आपल्या जांभ्याच्या जमिनीत चैत्रवैशाखात अर्थिंग कोरडे पडते. त्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. पॅनेलांची हमी बहुधा पंचवीस वर्षांची असते, परंतु इन्व्हर्टरची त्याहून पुष्कळ कमी. एकदा तरी इन्व्हर्टर बदलावा लागेल असे धरून त्याचे पैसे हिशेबात घ्यावेत.

यानंतर एक गोष्ट सांगतो, जी ऐकून पुष्कळांची निराशा होते. जाळ्याला जोडलेला साधा सौर संच वीज गेली की स्वतःही बंद पडतो. डोक्यावर लख्ख ऊन असते, तरी पंखा फिरत नाही. लोक म्हणतात, मग उपयोग काय? हा दोष नाही. ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. नोकरीतील एक प्रसंग सांगतो. पावसाळ्यात झाड पडून तार तुटली होती. आम्ही वाहिनी बंद केली, फ्यूज काढले आणि आमचा लाइनमन खांबावर चढला. त्याच वेळी जवळच्या एका घरात जनरेटर सुरू झाला. त्या घरी चेंजओव्हर स्विच नव्हता. घरातील वीज उलटी तारेत शिरली, ट्रान्सफॉर्मरमधून चढली आणि त्याचा उजवा हात भाजला. पट्टा बांधलेला होता म्हणून तो खाली पडला नाही. पुढे तो बरा झाला, पण दोन बोटे कायमची आखडली. गावातील पन्नास छपरांवर सौर संच असतील आणि तार बंद असताना प्रत्येक छप्पर तारेत वीज सोडीत असेल, तर खांबावर चढायचे कोणी? म्हणून इन्व्हर्टरने जाळ्यातील वीज गेल्याबरोबर थांबलेच पाहिजे. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी व त्याला योग्य असा वेगळा इन्व्हर्टर लागतो. तेथे खर्च बराच वाढतो, आणि अनुदान बॅटरीसाठी नाही. कोणी मिस्त्री ‘ही थोडीशी तार फिरवून देतो’ म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

नेट मीटरविषयी दोन शब्द. दिवसा घरात कोणी नसताना तयार झालेली वीज जाळ्यात जाते, रात्री आपण ती परत घेतो. मीटर दोन्ही बाजू मोजतो आणि महिन्याअखेर वजाबाकी होते. शिल्लक उरली तर ती पुढच्या महिन्यात धरली जाते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनुसार दहा किलोवॉटपर्यंतच्या छपरी संचाचा अर्ज तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीवाचूनच मान्य समजावयाचा आहे. तेव्हा ‘तपासणी व्हायची आहे’ असे सांगून कोणी महिनोन्महिने अर्ज अडवून ठेवीत असेल, तर नम्रपणे पण लेखी विचारावे. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे आवडणार नाही, पण नियम त्यांच्याही टेबलावर आहेत.

पुढील काळात दराची आणखी एक तऱ्हा येणार आहे. २०२३ च्या नियमांप्रमाणे स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकांसाठी दिवसाच्या वेळेनुसार दर ठरविण्याची तरतूद झाली : आयोग ठरवील त्या आठ सौर तासांत दर किमान वीस टक्क्यांनी कमी, आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी नेहमीपेक्षा अधिक. तो दर लागू झाला की, सौर संच नसलेल्यालाही उन्हाचा लाभ घेता येईल. पंप, कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री, दळणाची लहान चक्की ही कामे दुपारी उरकली म्हणजे झाले. आपल्या घरांत ही कामे पूर्वी दुपारच्याच वेळी होत असत. संध्याकाळी सात वाजता पंप लावण्याची सवय टाकी आल्यानंतरची.

शिक्षकांना एक विनंती. सातवी-आठवीच्या मुलांना घरच्या मीटरचा आकडा दर रविवारी एका वहीत लिहावयास सांगा. चार आठवड्यांत त्यांना कळेल की, पाहुणे आले तेव्हा किती वाढले, पंखा रात्रभर फिरला तेव्हा किती. टक्केवारी, सरासरी आणि आलेख हे तिन्ही धडे त्या एका वहीत निघतात. अर्ज भरताना ज्या घरी बारा महिन्यांची बिले सापडत नाहीत, त्या घरी हीच वही उपयोगी पडते.

मी बोलणे आवरतो. बाहेर व्हरांड्यात मेज मांडले आहे. तेथे कोरे कागद आहेत. त्यांवर टप्प्यांचे रकाने आखून ठेवले आहेत. ज्यांनी बिले आणली आहेत त्यांनी रांगेने यावे. प्रत्येकाचा हिशेब आपण बसून करू. ज्यांनी विक्रेत्याला आगाऊ रक्कम दिली असेल, त्यांनी कृपया आधी यावे.